बेटे कमी, पाणी जास्त: अंदमानातील बोटीचा एक दिवस

सांगलीहून अंदमानला जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात आधी सेल्युलर जेल असते आणि ते स्वाभाविकच आहे. त्या तुरुंगात वर्षानुवर्षे काळ्या पाण्याची शिक्षा भोगलेल्या बाबाराव सावरकरांचे अखेरचे दिवस आपल्याच गावात गेले आणि १९४५ साली त्यांचे निधनही सांगलीतच झाले. त्यामुळे तुरुंगासाठी सहलीतला एक दिवस सगळेच आठवणीने राखून ठेवतात. बोटीच्या दिवसाचा विचार मात्र फार थोडे लोक स्वतः करतात. तो दिवस सहल आखणाऱ्याच्या हाती सोपवला जातो आणि तो बेटांची संख्या वाढवून देतो, कारण कागदावर तीन बेटे दोन बेटांपेक्षा भरगच्च दिसतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. समुद्राखालचे जग पाहण्यासाठी म्हणून बोटीत बसायचे असेल, तर बेटे कमी घ्यावीत आणि पाण्यात घालवायचा वेळ वाढवावा. आम्ही तसे केले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजयपुरम असे झाले आहे, पण धक्क्यावर अजून जुनेच नाव कानी पडते. तेथील अबर्डीन धक्क्यावरून सकाळी पर्यटकांच्या बोटी सुटतात. नेहमीच्या दिवसभराच्या फेरीत पूर्वीचे रॉस, म्हणजे २०१८ पासूनचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, नॉर्थ बे आणि व्हायपर अशी तीन ठिकाणे असतात. व्हायपरवर इंग्रजांच्या काळातले फाशीघर आहे. १८७२ साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याला भोसकणाऱ्या शेर अलीला तेथेच फाशी देण्यात आले. ते बेट पाहण्यासारखे नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ते जोडले की नॉर्थ बेच्या पाण्यातला वेळ घटतो, आणि इतिहासासाठी आम्ही एक वेगळा दिवस ठेवलेला होताच. म्हणून आम्ही व्हायपर सोडले. नॉर्थ बेला सगळे बेट म्हणत असले, तरी वास्तविक तो दक्षिण अंदमानच्याच किनाऱ्यावरचा एक भाग आहे. पर्यटक तेथे बोटीने जातात, एवढ्यावरून त्याची गणना बेटांत होते.

वेळेचा हिशेब तेथे का महत्त्वाचा ठरतो, हे आपल्याकडच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. अंदमान सांगलीच्या पूर्वेला सुमारे १८ रेखांश दूर आहे आणि घड्याळ मात्र तेच, भारतीय प्रमाणवेळेचे. एका रेखांशाला ४ मिनिटे धरली, तर तेथला सूर्य आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास पुढे चालतो. डिसेंबरात तेथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्याच्या बराच आधी तो इतका कलतो की पाण्यात शिरणारा उजेड क्षीण होऊ लागतो. प्रवाळ पाहायचे तर सूर्य डोक्यावर हवा, कारण तिरपे किरण पाण्याच्या पृष्ठभागावरूनच मोठ्या प्रमाणात परतवले जातात. म्हणून सकाळची पहिली बोट धरावी आणि दुपारी एकच्या आत पाण्यातले मुख्य काम उरकावे. जेवण त्यानंतर झाले तरी चालते. किंबहुना भरल्या पोटी पाण्यात पालथे पडणे फार त्रासाचे असते.

आमच्या बोटीत माझे पती, मुलगी आणि सासूबाई असे आम्ही चौघे होतो, बाकी मंडळी निरनिराळ्या राज्यांतली. धक्का सोडण्यापूर्वी प्रत्येकाने लाइफ जॅकेट घातले आहे की नाही, हे खलाशांनी एकेकाजवळ जाऊन पाहिले. ज्यांना बोट लागते त्यांनी मळमळ सुरू होण्याची वाट पाहू नये. गोळी घ्यायची तर ती डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, बोटीच्या मधल्या भागात बसावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. सासूबाईंनी घरून निघतानाच आल्याच्या वड्यांचा डबा पिशवीत टाकला होता. तो सबंध बोटीत फिरला आणि परत आला तेव्हा रिकामा होता.

नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपाबद्दल थोडक्यातच लिहिते. १८५८ पासून १९४१ च्या जूनमधील मोठ्या भूकंपापर्यंत इंग्रजांचा अंदमानचा कारभार या चिमुकल्या बेटावरून चाले. पुढे १९४२ च्या मार्चमध्ये जपानी सैन्य आले. आज तेथे चर्च, बेकरी, अधिकाऱ्यांचे बंगले यांच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत आणि वडाच्या जातीच्या झाडांनी त्या आपल्या मुळ्यांत घट्ट आवळल्या आहेत. हरणे माणसांना न बिचकता जवळ येतात. ज्यांना वाटते त्यांनी तेथे दोन तास काढावेत. मला स्वतःला ते बेट फार आवडले. पण उन्हाची तिरीप वाढायच्या आत पुढे निघायचे आम्ही ठरवले होते आणि त्याप्रमाणे निघालो.

नॉर्थ बे जवळ येताना एक ओळखीचे दृश्य दिसते. जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला माडांच्या रांगेपलीकडचा समुद्र आणि दीपगृह होते, ते दीपगृह नॉर्थ बेचे. चित्र ज्या डोंगरावरून घेतले त्याचे नाव तेव्हा माउंट हॅरिएट होते, २०२१ मध्ये ते माउंट मणिपूर झाले. २०१९ च्या नव्या नोटेवर त्या चित्राची जागा आपल्या वेरूळच्या लेण्यांनी घेतली. मुलीने जुनी नोट मुद्दाम जपून आणली होती आणि ती हातात धरून ती बराच वेळ किनाऱ्याशी ताडून पाहत होती.

आता मुख्य विषय. नॉर्थ बेला पाण्याखालचे जग दाखवण्याचे अनेक प्रकार चालतात: काचेच्या तळाची बोट, डोक्यावर हवेचे शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालणे, पाठीवर हवेची टाकी बांधून खोल उतरण्याचे स्कूबा आणि मास्क व नळी लावून पृष्ठभागावर पालथे तरंगण्याचे स्नॉर्कलिंग. यांतले सर्वांत साधे आणि माझ्या मते सर्वांत समाधानाचे ते स्नॉर्कलिंग, कारण त्यात तुम्ही कोणाच्या यंत्रावर विसंबून नसता आणि आपल्या गतीने, आपल्याला हवे तेथे थांबू शकता. डोळ्यांवर व नाकावर काचेचा मास्क, तोंडात नळी आणि पायांत रबरी फिन्स, एवढेच साहित्य. ते मात्र नीट निवडावे लागते. मास्कचा पट्टा डोक्यामागे न अडकवता तो नुसता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो चेहऱ्याला चिकटून राहिला, तर मापाचा आहे असे समजावे. एखादा केस जरी मध्ये आला तरी पाणी झिरपते. दाट मिशी असलेल्या पुरुषांना हा त्रास हमखास होतो. माझ्या पतींनी आदल्या रात्री नाकाखालची मिशीची वरची कड थोडी कातरली, त्याचा चांगला उपयोग झाला. काचेवर धुके धरू नये म्हणून आतून थोडी लाळ फिरवून ती समुद्राच्या पाण्याने विसळतात. ऐकायला कसेसेच वाटले, तरी हा उपाय जगभरातले पाणबुडे करतात. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, त्यामुळे ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी नंबरच्या काचांचा मास्क मिळतो का, हे आधी विचारून ठेवावे.

आम्ही सांगलीकर नदीकाठची माणसे. माई घाटावर नाहीतर विष्णू घाटावर, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकलेली पिढी अजून घराघरांत आहे, आणि पावसाळ्यात आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या मारणारी मुले सर्वांनीच पाहिली आहेत. माझे पती त्याच मुशीतले. नदीत पोहण्याचे त्यांचे तंत्र म्हणजे मान पाण्याबाहेर, डोळे पैलतीरावर आणि हातपाय जोरात. प्रवाहाला छेद द्यायचा, तर ते योग्यच आहे. समुद्रातल्या या कामाला मात्र ते सगळे उलट पडते. येथे कोठेही पोहोचायचे नसते. तोंड पाण्यात घालून, अंग सैल सोडून, केवळ तरंगायचे असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे नदीच्या पाण्यापेक्षा ते अंगाला अधिक उचलून धरते, आणि वर लाइफ जॅकेट असतेच. हातपाय मारण्याची काहीच गरज नसते, पण सवय जात नाही.

श्वासाचीही तीच गोष्ट आहे. मास्कमध्ये नाक बंद असते आणि सगळा श्वास तोंडाने घ्यायचा असतो. माणूस घाबरला की तो भराभर आणि उथळ श्वास घेऊ लागतो. तसे झाले की नळीत उरलेली, आपणच सोडलेली हवा पुन्हापुन्हा आत येते आणि भोवती एवढी हवा असूनही दम लागतो. यावर उपाय एकच: उच्छ्वास लांबवायचा, पूर्ण सोडायचा आणि मगच नवा श्वास घ्यायचा. नळीत पाणी शिरले, तर घाबरून मान वर काढण्याऐवजी तोंडाने जोरात फुंकर मारावी, पाणी वरून उडून जाते. पतींना हे सगळे माहीत होते, पण पहिला बराच वेळ त्यांचे पाय जोरात चालत राहिले, पाणी ढवळले गेले, खालची वाळू उठली आणि दिसायचे ते दिसेना. त्यांना दम लागला, ते पाठीवर वळले, थोडे थांबले आणि मग हळूहळू त्यांना सूर सापडला.

सासूबाईंना पोहता येत नाही. त्या किनाऱ्यावर बसून आम्हाला पाहणार, असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. तेथल्या वाटाड्याने त्यांना विचारले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"आई, तुम्हाला फक्त रिंग धरून ठेवायची आहे. ओढायचे काम तो करेल," मी म्हटले.

"अगं, पण नाक बंद झाल्यावर जीव घाबरा होणार नाही का?"

"रोज सकाळी प्राणायामात सोडता तसाच श्वास सोडायचा, फक्त तोंडाने."

त्या कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून आधी नुसता श्वास घेत राहिल्या, मग तोंड पाण्यात घातले, मग पाय सोडले. वाटाड्याने रिंगचा दोर हातात घेऊन त्यांना सावकाश पुढे नेले. आमच्यापैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत नीट कोणी पाहिले असेल, तर ते त्यांनी. कारण त्यांना पोहण्याची कोणतीही सवय नव्हती. त्या हलल्याच नाहीत. लांब उच्छ्वासाचा अनेक वर्षांचा सराव असल्याने त्यांना एकदाही दम लागला नाही. मासेही शांत माणसाजवळ येतात. त्यांच्या हाताखालून निळ्या-पिवळ्या माशांचा एक थवा दोनदा गेला, तेव्हा मी शेजारीच होते.

खाली काय दिसते, ते सांगते. पाण्यात वस्तू प्रत्यक्षापेक्षा एक चतुर्थांश अंतराने जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, म्हणून पहिल्या क्षणी सगळे अंगावर आल्यासारखे वाटते. गोल, मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ, फांद्या फुटलेले प्रवाळ, ताटासारखे पसरलेले प्रवाळ. समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) नावाच्या एका प्राण्याच्या हलत्या दोऱ्यांत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश होता. त्या दोऱ्यांना विषारी डंख असतो, पण या माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला तो बाधत नाही, आणि शत्रू जवळ येऊ धजत नाहीत म्हणून तो तेथेच संसार करतो. थोड्या अंतरावर पॅरटफिश प्रवाळ कुरतडत होते. कान पाण्यात असल्यामुळे त्यांच्या चावण्याचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येतो. ते प्रवाळावरचे शेवाळ खाताना त्याचा चुनखडीचा भागही गिळतात आणि तो दळून बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतात. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण हौसेने फोटो काढतो, तिच्यात त्यांचा मोठा वाटा असतो. मुलीला हे सांगितल्यावर ती किनाऱ्यावर बराच वेळ मूठभर वाळू निरखत बसली होती.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी मिळून बांधलेला चुन्याचा वाडा असतो. त्या प्राण्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्याचा मोठा भाग प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः याच शैवालाचा. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. अंदमानच्या समुद्रात २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यात असे मोठ्या प्रमाणावर घडले. नॉर्थ बेला जिवंत प्रवाळाच्या शेजारीच राखाडी शेवाळाने झाकलेले मोडके तुकडे पसरलेले दिसतात. ते पाहून मला वाईट वाटले आणि त्याचा उल्लेख टाळून केवळ रंगांचे वर्णन करणे मला पटत नाही.

समुद्राचे तापमान आपल्या हाती नाही, पण आपले पाय आपल्या हाती आहेत. गोल, भरीव जातीचे प्रवाळ मध्यापासून सगळ्या बाजूंनी वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. मीटरभर रुंदीचा असा गोळा दिसला, तर तो पन्नास वर्षांच्या आसपासचा आहे असे समजावे. थकलेल्या पोहणाऱ्याने त्यावर क्षणभर पाय टेकला, तरी वरचा जिवंत थर चिरडतो. आमच्या वाटाड्याने पाण्यात उतरण्यापूर्वीच बजावले होते की, थकलात तर उभे राहू नका, पाठीवर वळा आणि हात वर करा. हा नियम प्रत्येकाने पाठ करावा. भरती-ओहोटीचाही विचार करावा, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तेथे पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो आणि पूर्ण ओहोटीला प्रवाळ इतका वर येतो की पोटाला घासण्याची भीती असते. उन्हापासून बचाव करण्यासाठी अंगभर क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा लायक्राचा पोशाख घालावा. अनेक क्रीममधील ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्ये प्रवाळाला घातक मानली जातात आणि हवाई व पलाऊ येथे त्यांवर बंदीही आली आहे. पालथे पडल्यावर सर्वांत जास्त भाजतात ते मानेचा मागचा भाग आणि पोटऱ्या, हेही ध्यानात ठेवावे.

किनाऱ्यावरचे शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि परतीच्या वेळी विमानतळावर सामान तपासले जाते. पण केवळ तपासणीच्या धाकाने नव्हे. रिकामा शंखही साधूखेकड्याचे घर होतो.

ज्यांना एका दिवसाहून अधिक वेळ देता येईल, त्यांनी वंडूरहून जॉली बॉय बेटावर जरूर जावे. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते आणि त्यासाठी वन विभागाचा परवाना घ्यावा लागतो. खारफुटीने वेढलेल्या बेटांमधून बोट जाते, तोच प्रवास सुंदर आहे. बेटाला धक्का नाही. मोठी बोट दूर उभी राहते आणि काचेच्या तळाच्या लहान होड्यांतून किनाऱ्याला नेतात. प्लास्टिक नेण्यास मनाई असून बाटल्यांसाठी अनामत ठेवावी लागते. हे बेट आणि रेडस्किन ही दोन्ही एकाच वेळी खुली नसतात. एकावर पर्यटक जात असताना दुसऱ्याच्या प्रवाळाला विसावा मिळतो. या व्यवस्थेचे मला मनापासून कौतुक वाटते, आणि नॉर्थ बेसारख्या गर्दीच्या जागीही अशी विश्रांती मिळायला हवी असे वाटते.

निघण्यापूर्वीची तयारी सांगलीतच करता येते. कृष्णेत नको, नदीच्या गढूळ पाण्यात मास्क लावून काही दिसत नाही आणि मगरीची बातमी आली की घाटही ओस पडतात. जलतरण तलावात मात्र स्वच्छ पाण्यात, उथळ बाजूला, काही सकाळी मास्क आणि नळी लावून पालथे तरंगण्याचा सराव करावा. हातपाय न हलवता, लांब उच्छ्वास सोडत किती वेळ राहता येते, एवढेच पाहावे. लहान मुलांना मोठ्यांचा मास्क बसत नाही, तेव्हा त्यांच्या मापाचा येथूनच घेऊन जावा. फेरीचे पैसे भरताना बेटे किती, हे विचारण्याऐवजी पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटे मिळतील, एका वाटाड्यामागे किती माणसे असतील आणि त्या दिवशी ओहोटी केव्हा आहे, हे विचारावे. फेरीत मोफत म्हणून दिलेले स्नॉर्कलिंग बहुधा फार थोडा वेळ चालते. वेगळे पैसे देऊन वेळ वाढवून मिळत असेल, तर तो खर्च जरूर करावा.

सासूबाईंनी आता तलावावर महिलांच्या वेळेत नाव घातले आहे आणि मिरजेच्या त्यांच्या धाकट्या बहिणीलाही सोबत न्यायला सुरुवात केली आहे. पुढच्या खेपेला दोघी मिळून जॉली बॉयला जायचे म्हणतात.